जॉबरचं तोंड साफ निघालं

५ ऑक्टोबर

वहिनी, नमस्कार.

हे सगळं फोनवर बोलायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुमच्या शिलाई मशिनचा आणि मागच्या शेडमधल्या मागांचा असा काही खडखडाट, की तुम्ही "हो हो, पाठवते" म्हणून मोकळ्या झालात. काय पाठवणार होतात कोण जाणे. म्हणून पत्र.

"आमचा धाकटा डॉक्टर आहे, पण औषध देत नाही, नुसतं मोजतो," असं दादा चारचौघांत सांगतो. ते खरंच आहे. कुठल्या भागात किती जणांना कॅन्सर होतो ते मोजणं हेच माझं काम. या मोजणीत एक गोष्ट मला फार दिवस खुपते आहे. आपल्या पट्ट्यात, म्हणजे जिथे जिथे मागांची गावं आहेत तिथे, तोंडाचा कॅन्सर शहराच्या अडीचपट दिसतो. नदी ओलांडून वीटभट्ट्यांच्या बाजूला गेलं, की तोंडाचा कमी होतो आणि घशाचा वाढतो. मधे नुसता एक पूल.

तुम्हाआम्हाला यात कोडं काही नाही. शेडमध्ये कापसाचे तंतू उडतात, काडी पेटवायची बंदी, म्हणून तंबाखू गालात. भट्टीवर काम उघड्यावर, म्हणून तिथे विडी, आणि काम सुटलं की बाटली. आबांचा डावा गाल आठवतो ना? मी लहानपणी समजायचो, सगळ्यांच्या वडलांचा गाल एका बाजूनं फुगलेलाच असतो.

पण आमचे साहेब म्हणतात, आकडाच कच्चा आहे. त्यांचंही अगदी चूक नाही. आपल्याकडचा माणूस आजारी पडला की शहरातल्या भाच्याकडे येऊन राहतो, दवाखान्यात भाच्याचा पत्ता देतो, आणि आमच्याकडे तो शहरवाला म्हणून मोजला जातो. कितीतरी जण दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. "तोंड आलं होतं, मग जेवण तुटलं, मग गेले," संपलं. खरा आकडा याहून वाईट असणार. तो दाखवता आला, तर गावातच तपासणीचं केंद्र द्यायला साहेब तयार आहेत.

त्यासाठी धडधाकट माणसांची तोंडं तपासायला हवीत. बॅटरीच्या उजेडात बघायचं, दोन मिनिटांचं काम. पण मला गावात कोण विचारतो? तुमचं मात्र वेगळं आहे. सगळ्या गल्लीची मापं तुमच्या टेपनं घेतलेली आहेत. तुम्ही म्हणालात तर लोक येतील.

कराल?

धाकटा


१८ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "आता जिवंत माणसं मोजायला निघाला वाटतं." पण मग पत्राची घडी घालून उठून बाहेर गेले. आबांचं निघालं की असंच होतं.

करीन काम. पण सोपं समजू नका. कालपासून जी बाई कपडे टाकायला येते तिच्याकडे विषय काढते आहे. शेडमध्ये सुताच्या कांड्या भरणाऱ्या मावशी आहेत ना, त्या म्हणाल्या, "कंबर मोजून घे, छाती मोजून घे, पण तोंडाच्या आत काय बघायचंय तुला? तिथे दात चारच उरलेत." सगळ्यांचा सवाल मात्र एकच. बघतील, लिहून घेतील आणि निघून जातील, आमच्या हाती काय?

मी त्यांना तुमच्या वतीनं शब्द देऊन टाकला. ज्याच्या तोंडात काही दिसेल त्याला त्याच दिवशी सांगणार, आणि त्याच्या घरच्या माणसालाही सांगणार. लपवाछपवी नाही. तुम्हाला विचारलं नाही. तुमच्या शाळेतल्या मास्तरांनाही मी तुमच्या वतीनं शब्द द्यायची, तेव्हा कुठे विचारत होते?

दातांच्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून एक दिवस बसायला तयार आहेत. शाळेचा हॉल मिळेल.

लोक आधी म्हणणार, तुमच्या घरचं तोंड दाखवा. म्हणून पहिल्या खुर्चीवर ह्यांनाच बसवते. कुरकुर चाललीय, "गावातले माग बिघडले की मी जॉबर बघतो, आता जॉबरला बघायला माणूस आणताय का?" बसतील. न बसून सांगतात कुणाला.

वहिनी


२४ डिसेंबर

भाऊजी,

पहिली तपासणी झाली आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी गाडीला पळालात, म्हणून पुढची हकीकत तुम्हाला ठाऊक नाही.

ते खुर्चीवरचं दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही ह्यांच्या तोंडात बॅटरी धरलीत आणि सगळ्या हॉलनं श्वास रोखला. किती वेळ बघत होता हो! मी मनात म्हटलं, भावाचं तोंड म्हणून जरा जास्तच मन लावताहेत. डॉक्टरीणबाईंनीही वाकून पाहिलं. मग तुम्ही मान वर केलीत आणि खणखणीत आवाजात म्हणालात, "साफ! चला, पुढचा कोण?" टाळ्या काय पडल्या! जणू ह्यांनी कुस्तीच मारली.

तेव्हापासून गावात एकच चाललंय, "जॉबरचं तोंड साफ निघालं, मग आपल्याला कसली भीती." सगळी शेड येऊन गेली. पोरगी बघायला गेल्यासारखे पुरुष तोंड धुऊन, केस विंचरून येतात.

मावशींच्या गालात पांढरा चट्टा निघाला. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे त्यांना आणि त्यांच्या लेकीला समोर बसवून सांगितलं. दोघी रडल्या, मग मीही रडले. चार दिवसांनी मी त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तुकडा काढून तपासला, चट्टा कापून टाकला, टाके घातले. आता मावशी परत शेडमध्ये बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गाल दाखवतात. माझ्यापेक्षा त्यांचाच प्रचार जोरात आहे.

तुमच्या या कामात मला मजा येते आहे, भाऊजी. इतकी वर्षं माणसांना नुसतं बाहेरून मोजलं.

वहिनी


१२ जानेवारी

वहिनी,

तुमच्याकडून येणारे आकडे बघून साहेबांचा चेहरा बदलला आहे. आता पुलापलीकडच्या भट्ट्यांवरही जायला हवं, नाहीतर ते म्हणतील तुलना कशाशी करायची. तिकडे घसा बघायला कानाघशाचे एक डॉक्टर पाठवतो. पण माणसं गोळा करणं तुमच्यावर. उन्हाळ्याच्या आत उरकलं पाहिजे.

आणि हो, दादाला चार दिवस इकडे पाठवून द्या. वय झालं, सहज एकदा सगळ्या तपासण्या करून घेऊ. तुम्ही बरोबर यायची गरज नाही, तिकडचं काम अडेल. तशी घाई काही नाही.

धाकटा


२० फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचे दादा काही येत नाहीत. शेडमध्ये नवे माग बसवताहेत आणि ह्यांच्याशिवाय तिथे पान हलत नाही, असं निदान ह्यांना वाटतं. तुम्ही फोन केलात तेव्हा तुम्हालाही हेच सांगितलं म्हणे. मी म्हटलं, भाऊजींना आठवण येते आहे, जाऊन या. मग तुमचं "घाई नाही" पुन्हा वाचलं आणि मीच म्हटलं, राहू दे, माग बसले की जा.

भट्ट्यांवर जाऊन आले. तिथले लोक आधी हाकलतात, मग पाणी देतात. एका मुकादमाचा आवाज इतका बसलेला, की तो सगळ्यांना शिट्टी वाजवून हाक मारतो. त्याला वाटतं धुरानं झालं. डॉक्टरांनी घसा बघितला आणि त्याच्या बायकोला बाजूला बोलावलं. परत येताना पुलावर मला तुमचं वाक्य आठवत होतं, मधे नुसता एक पूल.

घरी सगळं ठीक. ह्यांनी मात्र अचानक तिखट सोडलं आहे. म्हणतात जीभ चरचरते. मी इतकी वर्षं सांगत होते तिखट कमी खा, तेव्हा ऐकलं नाही, आता स्वतःहून शहाणे झालेत. तंबाखूही उजव्या गालातून डाव्या गालात गेली आहे. सुटणार मात्र नाही.

वहिनी


१५ मार्च

वहिनी,

तुमचं भट्ट्यांवरचं काम बघून साहेब स्वतः म्हणाले, "या बाई कोण?" मी म्हटलं, माझी वहिनी. छाती फुगली.

सगळे आकडे घेऊन मी पुढच्या महिन्यात परदेशी परिषदेला जातो आहे. आपल्या पट्ट्याचा नकाशा तिथे पडद्यावर दिसणार. तोवर थांबू नका, शेवटच्या दोन वस्त्या राहिल्या आहेत.

दादाचं तोंड आलं असेल. जीवनसत्त्वाच्या गोळ्या देत जा. मी परत आलो की बघतो. इतर कुणाला दाखवत बसू नका, उगाच घाबरवून सोडतात.

धाकटा


९ जून

डॉक्टरसाहेब,

हे पत्र तुमच्या वहिनीचं नाही. ज्या बाईनं तुमच्यासाठी गाव गोळा केलं तिचं आहे.

परवा ह्यांना पाणी गिळताना ठसका लागला आणि रुमालावर रक्त आलं. तुमच्या गोळ्या अडीच महिने चालू होत्या. मी काही न विचारता त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी बॅटरी लावली आणि त्यांचा हातच थांबला.

मला म्हणाल्या, "एवढं वाढलंय? मग उपचार कसले चालू आहेत?"

मी म्हटलं, "कसले उपचार?"

त्यांनी बॅटरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "अहो, डिसेंबरात जिभेच्या कडेला चट्टा होता ना. मी पाहिला होता. तुमचे दीर मला म्हणाले, घरचा मामला आहे, घरी मी सांगतो, तुम्ही बोलू नका. मला वाटलं, तुम्ही त्यांच्याकडेच उपचार चालू केलेत."

"दर आठवड्याला आपण शेजारी शेजारी बसत होतो," मी म्हटलं. "एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

"तुम्ही इतक्या हसतमुख असायच्या," बाई म्हणाल्या. "मला वाटायचं, घरात एवढं असून ही बाई दुसऱ्यांसाठी फिरते. मला तुमचं कौतुक वाटायचं हो." आणि त्या रडायला लागल्या. मला रडूही आलं नाही.

हे खुर्चीवर बसून छताकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. तेव्हा मला कळलं, की त्या खोलीत काहीच ठाऊक नसलेली एकटी मीच.

मी मावशींचा हात धरून दवाखान्यात गेले. भट्टीवरच्या मुकादमाच्या बायकोला समजावलं, की वेळेवर कळलं हे नशीब समज. आणि माझ्या पानाशेजारी बसणाऱ्या माणसाची जीभ सडत होती, आणि मी त्याला म्हणत होते, तिखट सोडलंत, शहाणे झालात.

तुम्ही भर हॉलमध्ये "साफ" म्हणालात. माझ्याकडे बघून म्हणालात. का, ते कळवा. फोन करू नका, उचलणार नाही.


१४ जून

वहिनी,

पत्र मिळालं. रागवा, पण आधी ऐकून घ्या.

त्या दिवशी मी चट्टा पाहिला हे खरं. संध्याकाळी दादाला सांगितलंही. पण दादानंच मला शपथ घातली. म्हणाला, तिला सांगू नकोस, ती हाय खाईल, नवे माग बसू देत, मग मी स्वतः तुझ्याकडे येतो. मोठ्या भावाची शपथ मी कशी मोडणार? मी त्याला जानेवारीत बोलावलं, तुम्हाला तसं पत्रही लिहिलं, तो आला नाही. मी काय त्याला बांधून आणणार होतो?

आणि सगळेच चट्टे वाईट निघत नाहीत, वहिनी. शंभरातले थोडेच. मी डॉक्टर म्हणून सांगतो.

ताबडतोब त्याला इकडे घेऊन या. इथल्या सगळ्यात चांगल्या सर्जनशी बोलून ठेवलं आहे. खोलीही सांगितली आहे.

धाकटा


३ जुलै

डॉक्टरसाहेब,

तुमच्या शहरात आणलं नाही. दुसऱ्या दिशेच्या गाडीत बसलो. कुठे ते कळवत नाही, कारण तुम्ही याल, आणि इथल्या डॉक्टरांशी तुमच्या भाषेत बोलाल, आणि मला पुन्हा अर्धंच कळेल.

उद्या ऑपरेशन आहे. जिभेचा अर्धा भाग आणि मानेतल्या गाठी काढणार. सर्जन तरुण आहे, बोलायला सरळ आहे. मी विचारलं, डिसेंबरात आलो असतो तर? तो म्हणाला, "तेव्हाचं मी पाहिलेलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगू शकत नाही. पण नुसता चट्टा असेल तर बहुतेक लहानशा कापावर भागलं असतं." त्यानं मला न गोंजारता सांगितलं, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. उद्यानंतर ह्यांचं बोलणं कसं असेल ठाऊक नाही, म्हणून म्हटलं आजच विचारावं. "तुम्ही शपथ घातलीत?"

हे भिंतीकडे वळले. मग म्हणाले, "असं लिहिलंय त्यानं?"

"हे बघा की."

"मग असू दे. मीच घातली म्हण."

मी म्हटलं, "माझ्याशी खोटं बोलायला आता तुमच्याकडे एकच दिवस उरलाय. तो असा घालवणार?"

तेव्हा बोलले. दुखत होतं, थांबून थांबून बोलले. "त्यानं मला गच्चीवर नेलं. म्हणाला, दादा, चट्टा आहे, तुकडा काढून बघायला हवा. मी म्हटलं, बरं, खाली जाऊन तिला सांगतो. तर त्यानं माझा हात धरला. म्हणाला, आत्ता नको. वहिनींना कळलं तर त्या सगळं टाकून तुझ्यामागे लागतील. आणि बाहेर कळलं तर आज जमलेले लोक उद्या यायचे नाहीत. एवढं काम उरकू दे. एवढ्यात काही होत नाही."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"तो डॉक्टर आहे ना गं."

मग थोड्या वेळानं, कुणाची तरी तक्रार करावी तसं नाही, साधं सांगावं तसं म्हणाले, "मीच केलाय त्याला डॉक्टर."

जानेवारीत तुम्ही ह्यांना फोनवर बोलावलंत. हे म्हणाले, माग बसवतोय. तुम्ही म्हणालात, बरं, मग नंतर ये. एवढाच तुमचा आग्रह. आणि मला पत्रात लिहिलंत, सहज, घाई नाही, तुम्ही येऊ नका, तिकडचं काम अडेल. ते पत्र मी आता परत वाचलं. त्यात आधी भट्ट्या आहेत, आणि हे नंतर, "आणि हो" म्हणून.

एक वेळ तुम्ही घाबरून गप्प बसला असतात तर मी समजून घेतलं असतं. भावाला काय सांगावं, कसं सांगावं, होतं माणसाचं. पण तुम्ही घाबरला नव्हता. तुम्ही हिशेब केलात. आणि तो उघडा पडायची वेळ आली तेव्हा ज्या माणसाची जीभ उद्या कापणार आहेत त्याच्या नावावर खपवलात. त्याला वाटलं होतं तेही चालेल. मला चालत नाही.


१२ सप्टेंबर

वहिनी,

दोन महिने तुमचा पत्ता शोधला. शेवटी तुम्ही घरी परतलात हे गावातल्या दुसऱ्याच माणसाकडून कळलं. आणि त्याच माणसाकडून हेही कळलं, की तुम्ही शेडच्या दारात उभं राहून सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन सांगितलंत.

घरातली गोष्ट होती, वहिनी. मला घरात बोलावून चार कानाखाली मारल्या असत्या तरी मी मान खाली घातली असती. पण तुम्ही ती गावाच्या चव्हाट्यावर नेलीत. मला ज्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं त्यांच्यासमोर तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत. तुम्हीसुद्धा असं कराल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ठीक आहे. शपथेचं मी खोटं लिहिलं. पण बाकीचंही बघा. केंद्र मंजूर झालं आहे. गावातच, शाळेशेजारी. पुढच्या महिन्यात सुरू होणार. आपला पट्टा नकाशावर सगळ्यात गडद आहे हे आता कुणी नाकारू शकत नाही. तुम्ही डिसेंबरात काम सोडलं असतं तर हे झालं नसतं, हे तुम्हीही मनातून जाणता. किती जणांचे जीव वाचतील. त्यातल्या एकालाही मी फसवलेलं नाही.

मला दादाला भेटायचं आहे. येऊ का?

धाकटा


२१ सप्टेंबर

भाऊजी,

बोलावल्याशिवाय यायचं नाही एवढं तुम्हाला कळलं, म्हणून तुमचं जुनं नाव लिहिलं आहे. त्यापुढे काही धरू नका.

शेडच्या दारात काय झालं ते तुम्हाला अर्धंच कळलेलं दिसतं. आम्ही परत आलो तेव्हा ह्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, मानेवर ही एवढी शिवण. लोक बघायला आले, बसले, हळहळले. आणि दुसऱ्या आठवड्यात हॉलमध्ये एकही माणूस आला नाही. डॉक्टरीणबाई आणि मी खुर्च्या मांडून बसलो. मग मावशी आल्या आणि म्हणाल्या, "लोक म्हणताहेत, जॉबरचं तोंड साफ निघालं होतं ना? सगळ्यांसमोर बघितलं होतं. तरी हे झालं. मग बघून उपयोग काय? मोठा डॉक्टर, सख्खा भाऊ, त्यालाही दिसलं नाही."

तर माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक तर गप्प बसायचं, म्हणजे तुमची लाज राहिली असती, घराची राहिली असती, आणि त्या बॅटरीवरचा लोकांचा विश्वास कायमचा गेला असता. नाहीतर सांगायचं, की बॅटरीची काही चूक नाही. दिसलं होतं. ज्याला दिसलं तो खोटं बोलला.

मी ह्यांना विचारलं. तुम्ही तुमच्या भावाला ओळखता, त्यांना तुमची अब्रू स्वतःच्या जिभेपेक्षा मोठी. नको म्हणून मान हलवली. मी दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळेला हेच उठले, चपला घातल्या, आणि माझ्याबरोबर शेडपर्यंत चालत आले. बोलले मीच. हे शेजारी उभे राहिले, सगळ्यांना तोंड दिसेल असे. तुमच्याविरुद्ध नाही उभे राहिले. लोक परत यावेत म्हणून उभे राहिले. आले लोक. पुढच्या आठवड्यात रांग दाराबाहेर गेली होती.

आता आम्ही एक पद्धत ठेवली आहे. खुर्चीवर एकट्याला बसवायचं नाही. घरचं माणूस शेजारी हवं, आणि जे दिसेल ते दोघांनाही त्याच वेळी सांगायचं. तुमच्या केंद्रातही हेच चालेल. तुमच्या साहेबांना मी वेगळ्या पत्रानं कळवलं आहे.

तुम्ही विचारता, मनातून जाणता ना? जाणते. म्हणूनच मला झोप लागत नाही. तुम्ही नुसते दुष्ट असतात तर किती बरं झालं असतं, तुमच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाले असते. पण केंद्र होतंय, ते चांगलंच आहे, आणि मीच माणसं घेऊन तिथे जाणार. मावशींची नात मोठी होईल, तिच्या तोंडात काही निघालं तर गावातच कळेल. हे सगळं खरं आहे. आणि माझा हात धरून मला गल्लीगल्लीतून फिरवलंत तेव्हा दुसऱ्या हातानं माझ्याच घराचं दार बाहेरून लावून घेतलंत, हेही खरं आहे. मी डिसेंबरात काम सोडलं असतं का? दोन महिने सोडलं असतं. ह्यांना बरं करून परत आले असते. ते तुम्ही मला विचारलंच नाही. माझ्या वतीनं ठरवून टाकलंत.

त्यातल्या एकालाही फसवलं नाही म्हणता. गावात मी सोडून, आणि तुमचा भाऊ सोडून. आम्ही घरचे, आम्हाला कुठे मोजायचं.

उद्घाटनाला माझं नाव छापू नका. पाहुण्यांच्या खुर्चीवर मी बसणार नाही. आतल्या खोलीत असेन, माणसं रांगेनं सोडायला.

भेटायला या. ह्यांनी पाटीवर लिहून सांगितलं, "येऊ दे." मी म्हटलं, बोलून सांगा, लिहून दिलेलं मला पुरत नाही. मग बोलले. त्यांची शेकाची, म्हणजे रेडिएशनची, पाळी संपली आहे, तोंड कोरडं पडतं, पातळच घेतात, पण रोज आरशासमोर बसून अक्षरं म्हणतात. क आणि ग अजून येत नाहीत. तुम्हाला "ये" म्हणणं त्यांना जमतं, त्यात तसं काही अवघड नाही.

आलात की त्यांच्याजवळ बसा. मी तुमच्याशी बोलेन असं धरून येऊ नका. त्यांचं बोलणं पहिल्यांदा कळत नाही, दुसऱ्यांदाही अर्धंच कळतं. कळलं असं दाखवून मान हलवू नका, त्यांना लगेच समजतं. पुन्हा विचारा. ते पुन्हा सांगतात, न कंटाळता. घाई करू नका.

तुम्ही सांगितलंत म्हणून ते सहा महिने थांबले. तुम्ही तासभर थांबा.

वहिनी